खुलासा: सांडपाणी थेट पाइपात सोडून पालक पिकत नाही

नाशिकच्या सिडको, इंदिरानगर, पंचवटीतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: बेसिन आणि वॉशिंग मशीनचं पाणी थेट रोपं लावलेल्या पाइपात सोडा, मातीविना पालक-कोथिंबीर येते, खतही लागत नाही. हे चूक आहे.

हायड्रोपोनिक्सला, म्हणजे मातीविना पाण्यात घेतलेल्या पिकाला, पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) साधारण 5.5 ते 6.5 लागतो. कपडे धुतलेलं पाणी बहुतेक वेळा 8 च्या वर असतं, शिवाय त्यात सोडियम. मातीत थोडंफार निभावतं. इथे मुळं त्याच पाण्यात बुडालेली. बेसिनमधल्या तेलाचा चिकट थर मुळांवर बसतो, पाण्यातला प्राणवायू संपतो, पांढरी मुळं तपकिरी आणि बुळबुळीत होतात. खताचं म्हणाल, तर घरातल्या सांडपाण्यातला पिकाला लागणारा बहुतेक नत्र संडासाच्या पाण्यात असतो.

खरी काळजी वेगळीच आहे. अंघोळीच्या, बाळाचे लंगोट धुतलेल्या पाण्यात विष्ठेतले जंतू असू शकतात आणि कोथिंबीर तर आपण कच्चीच भुरभुरतो. कळकळीने सांगते, हा मेसेज पुढे पाठवू नका.

सांडपाणी वापरता येतं, पण गाळून, वाळू-खडीच्या थरांतून नेऊन, निर्जंतुक करून, वर पोषकद्रव्यं घालून. आणि ती भाजी शिजवूनच खायची. गच्चीवर एवढं जमत नसेल तर ते पाणी शोभेच्या झाडांना द्या. तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी मात्र कुंडीतल्या मेथीला खुशाल घाला.