जालियनवाला हे एकट्या डायरचं कृत्य नव्हतं

दर एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो. जालियनवाला बागेत लोक बंदी मोडून जमले होते, ब्रिटिश लष्करी अधिकारी डायर गर्दीला घाबरला, गोळ्या झाडणारे शिपाई भारतीयच होते आणि पुढे इंग्रजांनी डायरला शिक्षाही केली. सुशिक्षित माणसंही हे पुढे ढकलतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी बंदीचं बघू. १३ एप्रिल १९१९ च्या सकाळी अमृतसरमध्ये सभाबंदीची दवंडी पिटली गेली, पण शहराच्या बऱ्याच भागांत ती पोचलीच नाही. त्या दिवशी बैसाखी होती. खेड्यापाड्यांतून आलेल्यांना बंदीची खबर कुठून असणार? सभा भरणार हे मात्र डायरला दुपारीच कळलं होतं. ती होऊ नये म्हणून त्याने काहीही केलं नाही.

तो घाबरला होता, हे तर त्याच्याच जबानीत टिकत नाही. सरकारने चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीपुढे त्याने सांगितलं की गोळीबाराशिवायही जमाव पांगवता आला असता, पण लोक परत आले असते आणि आपल्याला हसले असते. चिलखती गाड्या बागेच्या अरुंद बोळातून आत शिरल्या असत्या तर मशीनगनही वापरली असती, असंही समितीचे सदस्य चिमणलाल सेटलवाड यांनी घेतलेल्या उलटतपासणीत त्याने मान्य केलं. इशारा न देता सुमारे दहा मिनिटं गोळीबार चालला. १६५० गोळ्या, आणि नेम गर्दी दाट असेल तिकडे. सरकारी आकड्यानुसार ३७९ माणसं मेली. काँग्रेसच्या चौकशी समितीच्या मते हजाराच्या आसपास. जखमींना मदत करणं आपलं काम नव्हतं, हेही त्याचंच उत्तर.

त्या रात्री आठनंतर संचारबंदी होती. रतनदेवी बागेत नवऱ्याच्या प्रेताशेजारी बसून राहिल्या, हातात काठी घेऊन, कुत्र्यांना हुसकावत. काँग्रेसच्या समितीने, ज्यात गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्यासोबत आपले मुकुंदराव जयकरही होते, रतनदेवींची साक्ष नोंदवून घेतली. ती वाचल्यावर हा मेसेज पुढे पाठवायला हात धजत नाही.

शिपाई गुरखा, बलुची वगैरे होते हे खरं. हुकूम डायरचा होता.

आता शिक्षा. डायरला पद सोडायला लावलं, बस्स. खटला कधीच चालला नाही. पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायर याने डायरची कृती योग्य असल्याचं त्याला कळवलं होतं. गोळीबाराच्या दुसऱ्याच दिवशी पंजाबातल्याच गुजरानवाला शहरावर विमानांतून बॉम्ब पडले. काही दिवसांत अमृतसरच्या एका गल्लीत लोकांना पोटावर सरपटत जाण्याचा हुकूम निघाला. जुलै १९२० मध्ये ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभेने डायरवरची कारवाई उचलून धरली, पण लॉर्ड्स सभेने १२९ विरुद्ध ८६ मतांनी त्याची बाजू घेतली आणि ‘मॉर्निंग पोस्ट’ या ब्रिटिश वर्तमानपत्राच्या वाचकांनी त्याच्यासाठी २६ हजार पौंडांहून जास्त रक्कम गोळा केली.