"तू त्यांच्याबरोबर जेवलास?"

आमच्याकडे लग्नाची बोलणी सुरू झाली की चर्चमधलीच माणसं हळूच विचारतात, "पण मूळचे कोण?" म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीची जात कोणती. तीन-तीन पिढ्या ख्रिस्ती असलेल्या घरांतही हा प्रश्न येतो. परवा नात्यातल्या एका मुलीच्या वेळी तो पुन्हा कानावर आला. रात्री झोप लागेना, म्हणून बायबलातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक काढून बसले. दहावा अध्याय.

यापो बंदरात येशूचा यहुदी शिष्य पेत्र उतरलाय तो समुद्राकाठी राहणाऱ्या शिमोनाकडे. हा कातडी कमावणारा. आपल्या मराठी बायबलात त्याला सरळ 'चांभार' म्हटलंय. मेलेल्या जनावरांशी रोजचा संबंध असलेल्या घरात पेत्र बरेच दिवस राहतो, म्हणजे एक उंबरठा त्याने आधीच ओलांडलाय. तरी दुपारी धाब्यावर दृष्टान्त होतो, चादरीत नाना तऱ्हेची जनावरं, "मारून खा", तेव्हा तो म्हणतो, नको प्रभू, निषिद्ध असं मी कधीच खाल्लेलं नाही. तीनदा सांगावं लागतं.

याला कुणी हट्टीपणा म्हणू नये. त्याच्या सुमारे दोनशे वर्षं आधी, चौथ्या अंतियोख राजाच्या काळात, डुकराचं मांस तोंडात घ्यायला नकार देणाऱ्या यहुद्यांनी छळ आणि मरण सोसल्याच्या कथा त्या समाजात सांगितल्या जात. असं सोवळं जपत वाढलेला पेत्र कैसरीयाला जातो आणि कर्नेल्याच्या घरात पाऊल टाकतो. कर्नेल्य यहुदी नव्हे, रोमी शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी. येशूला खिळलं ते याच सत्तेच्या शिपायांनी.

त्या घरातल्यांचा बाप्तिस्मा होतो, ते ख्रिस्ती होतात. पण यरुशलेमला परतल्यावर पेत्राला जाब विचारला जातो तो भलत्याच गोष्टीचा: सुंता न झालेल्यांच्या घरी जाऊन तू त्यांच्याबरोबर जेवलास! बाप्तिस्म्याचं एक वेळ चालेल, पंगतीचं काय? हे वाचताना मला दरवेळी माझी आजी आठवते. उपासनेत शेजारी बसणाऱ्या एका बाईच्या घरी तिला चहा मिळायचा, तो वेगळ्या कपात. ती बाईही ख्रिस्तीच.

पुढे इ.स. 49 च्या सुमारास यरुशलेमच्या सभेत ठरलं की परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहुदी नसलेल्यांवर, सुंतेची सक्ती नको. ठराव झाला, उत्तम. पण अंत्युखिया शहरात, जिथे शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा मिळालं, तिथे काय घडलं ते पौल या दुसऱ्या प्रेषिताने गलतीकरांना, म्हणजे गलतिया प्रांतातल्या मंडळ्यांना, पत्रात लिहिलंय. पेत्र तिथे परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडची माणसं आली आणि तो भिऊन मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचं बघून बाकीचे यहुदी, आणि बर्णबासुद्धा! आपलं शेत विकून पैसे मंडळीला देणारा, पौलाला तार्सातून शोधून आणणारा बर्णबा. पौल पेत्राला सगळ्यांदेखत, तोंडावर बोलला.

मंडळीने हे पत्र जपलं, आपल्या सगळ्यात मोठ्या प्रेषिताची चूक झाकली नाही, याचा मला अभिमान वाटतो. म्हणूनच "मूळचे कोण" विचारणाऱ्यांचा मला इतका राग येतो. दृष्टान्त पाहिलेला पेत्रही चारचौघांच्या भीतीने ताटावरून उठला, हे आपण दरवर्षी चर्चमध्ये वाचतो आणि घरी येऊन तेच करतो.

पेत्र पुन्हा त्या पंगतीत बसला का, ते पौल लिहीत नाही. मला मात्र तिथे मागे राहिलेली माणसं दिसत राहतात. कालपर्यंत शेजारी बसून जेवणारा माणूस आज का उठला, ते त्यांना न सांगताच कळलं असेल. आजीलाही कळलं होतं. ती त्या घरी पुन्हा कधी चहा प्यायली नाही.