प्रतिक्रियेला उत्तर: नलशी तुलना आणि आपोआप दुरुस्ती

सी भाषेत पॉइंटर (मेमरीतला पत्ता ठेवणारा व्हेरिएबल) रिकामा, म्हणजे ‘नल’, आहे का हे ‘पीटीआर == नल’ असं तपासता येतं किंवा ‘!’ (‘नाही’) लावून ‘!पीटीआर’ असं. पहिलं वाचायला सोपं असताना चेकपॅच, म्हणजे लिनक्स कर्नलच्या कोडची लेखनशैली तपासणारं साधन, दुसरं लिहायला सांगतं, हा निव्वळ सोवळेपणा, असं तुम्ही प्रतिक्रियेत म्हणता. आवडीनिवडीचा भाग आहे खरा. लिनक्स कर्नलमध्ये ‘!’ चालतं, तर फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमची शैली-पुस्तिका उलट सांगते: पॉइंटर नलशी उघड ताडून बघा. शिवाय चेकपॅचची ही सूचना सर्वांत सौम्य पातळीची आहे. कर्नलमधला नेटवर्किंग आणि स्टेजिंगचा (अजून कच्च्या ड्रायव्हरांचा) कोड सोडला, तर ‘स्ट्रिक्ट’ पर्याय दिल्याशिवाय ती दिसतही नाही. कोड जिथे पाठवायचा तिथली रीत पाळायची, विषय संपला.

पण ‘मग फिक्स-इनप्लेस (चेकपॅचचा फाइलीतच आपोआप दुरुस्ती करणारा पर्याय) चालवून सगळ्या फाइली एका फटक्यात बदला’ हा तुमचा सल्ला कुणी ऐकू नये. चेकपॅच ही पर्ल स्क्रिप्ट आहे. ती ओळीत रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराचे ठरावीक नमुने, शोधते. व्हेरिएबलचा टाइप तिला कळत नाही. ‘== नल’ बदलताना सहसा काही बिघडत नाही, कारण ‘!पीटीआर’चं उत्तरही 0 किंवा 1च येतं. घोळ ‘!= नल’चा (‘नल नाही ना?’) आहे, कारण तिथे तुलना नुसती खोडली जाते. ‘इफ’च्या कंसात ते खपतं. पण ‘इंट मिळाला = पीटीआर != नल;’ या ओळीचं ‘इंट मिळाला = पीटीआर;’ होतं आणि 0-1 ऐवजी पत्ता साठवला जातो. नेहमीच्या 64-बिट लिनक्सवर पॉइंटर 8 बाइटचा, इंट (पूर्णांक) 4 बाइटचा. वरचा अर्धा पत्ता गळतो; उरलेले 32 बिट नेमके शून्य निघाले, तर धडधाकट पॉइंटरही ‘नाही’ ठरतो. इंटऐवजी ‘बूल’ (खरं-खोटं एवढंच साठवणारा टाइप) असता तर निभावलं असतं. पॉइंटर असा इंटमध्ये घालणं जीसीसी या कंपायलरच्या आवृत्ती 14 पासून थेट एरर आहे. त्याआधी नुसती वॉर्निंग, आणि वॉर्निंगच्या ढिगात ती शोधतो कोण!

मोठा बदल करायचाच असेल तर कॉक्सिनेल हे कोड बदलायचं साधन घ्या, त्याला सीचं व्याकरण कळतं. गिट या आवृत्ती-नियंत्रण साधनाच्या स्वतःच्या कोडमधला याच कामाचा सिमँटिक पॅच (कोडचा कोणता नमुना कसा बदलायचा हे कॉक्सिनेलला सांगणारी फाइल) ‘इफ’च्या अटीपुरताच हात घालतो, तुम्हीही तेवढंच करा. मग डीबग माहिती न घालता, कंपायलरच्या त्याच फ्लॅगनी (पर्यायांनी), बदलाआधीच्या आणि नंतरच्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेला कोड) बनवून ताडून पाहा. फरक निघाला तर डिसअसेंब्ली (मशीन कोडचं वाचता येईल असं रूप) उघडून कारण शोधा. असर्टच्या (अट खोटी निघाली तर प्रोग्राम थांबवणाऱ्या तपासणीच्या) आतली तुलना बदलली असेल तर फरक दिसणारच, कारण अटीचा मजकूर स्ट्रिंग होऊन बायनरीत जातो.

आणि चेकपॅच नव्या पॅचवर चालवा. नीट चालणाऱ्या जुन्या फाइलींवर चालवून त्या बदलल्यात, तर गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या यादीत) बदललेल्या प्रत्येक अटीपुढे तुमचंच नाव येईल.