तुम्ही कुठल्या तेत्सू?

आमच्या घरच्या गटात आठवडाभर एका शब्दावरून भांडण चाललं आहे. शब्द आहे 'वेडे'.

झालं असं की माझ्या भाच्याबद्दल आणि त्याच्या चार मित्रांबद्दल एका मराठी रविवार पुरवणीत लेख आला. ही मुलं सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून रुळांच्या कडेला, अर्थातच कुंपणाबाहेर, जाऊन उभी राहतात. कुणी इंजिनांचे फोटो काढतं, कुणी आकडे टिपतं. माझा भाचा भोंगे ऐकतो. डब्ल्यूएपी-४ आणि डब्ल्यूएपी-७ ही इंजिनं तो न बघता ओळखतो. लेख जिव्हाळ्याने लिहिला आहे, मी दोनदा वाचला. शीर्षक मात्र 'रेल्वेवेडे'.

ताईला ते झोंबलं. "माझ्या मुलाला छापून वेडा म्हणतात आणि तुम्ही अभिनंदन कसलं करता?" असं तिने लिहिलं. आयुष्यभर कॉलेजात शिकवलेल्या मामांचं म्हणणं, 'रेल्वे अभ्यासक' हा शब्द असताना वेडे कशाला? काकूंनी उलट बाजू घेतली: वेड लागल्याशिवाय काही मोठं होत नाही, आपल्या संतांनीही पिसं लागल्याचंच गाणं केलं. भाच्याने एकच ओळ लिहिली, "मी रेलफॅन आहे. बस." त्यानंतर पन्नासेक निरोप आले, पण त्यातला एकही त्याला उद्देशून नव्हता.

मी टोकियोत राहते, घरापेक्षा साडेतीन तास पुढे. तिकडचे वाद रंगात येतात तेव्हा इथे झोपायची वेळ झालेली असते, म्हणून मी सहसा गप्प असते. या वादात मात्र मला बोलायचं आहे, कारण त्या लेखात मीही बसले असते.

मला वेळापत्रक वाचायला आवडतं. प्रवासाला जायचं असतं म्हणून नव्हे. दहाव्या वर्षापासून मी रेल्वेचं वेळापत्रक गोष्टीच्या पुस्तकासारखं वाचत आले. कुठली गाडी कुठल्या स्थानकात बारा मिनिटं का थांबते? तेवढ्यात मागून कोण पुढे निघून जातं? एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी कुणाला बाजूला उभं करतात? ही उत्तरं पानावर कुठेच लिहिलेली नसतात, ती आकड्यांच्या दोन रांगा शेजारी ठेवून शोधावी लागतात. एखादं उत्तर सापडलं की मला अजूनही तोच आनंद होतो.

यासाठी मला जे नाव मिळालं ते 'रिकामटेकडी'. माझ्या एका चुलतभावाने त्याच काळात काड्यापेट्यांच्या चित्रांचा मोठा साठा केला होता, त्याला सगळे 'छांदिष्ट' म्हणत. माझी तक्रार घरच्यांबद्दल नाही, ते भाषेत जे तयार होतं तेच वापरत होते. पण भाषेत काय तयार होतं ते बघा. छांदिष्ट, नादिष्ट, अवलिया, दर्दी, षौकीन: हे सगळे शब्द डोळ्यांपुढे पुरुषच उभा करतात. बाई 'हौशी' असू शकते, पण हौशी बाई म्हटलं की साड्या आणि सणवार आठवतात. तो वेडा म्हणजे त्याच्यात काहीतरी असेल बुवा. ती वेडी म्हणजे तिला कुणीतरी समजावा. 'वेडं म्हणणं हे कौतुकच' हा काकूंचा मुद्दा मला म्हणूनच पुरता पटत नाही. ते कौतुक सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. आणि ज्या घरात खरोखर कुणाला मनाचा आजार आहे, त्या घरात हा शब्द कौतुक म्हणून कधीच ऐकू येत नाही.

टोकियोत आल्यावर तिसऱ्या वर्षी एक गोष्ट घडली. कार्यालयातल्या एका वयस्कर सहकाऱ्यासोबत कामासाठी दुसऱ्या शहरात जायचं होतं. फलाटावर बोलता बोलता मी म्हणाले की आपली गाडी पुढच्या स्थानकात सहा मिनिटं थांबेल, कारण मागून जलद गाडी येते आहे. तो थबकला. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणून त्याने विचारलं, "नानी-तेत्सू देस का?" म्हणजे, तुम्ही कुठल्या तेत्सू?

'तेत्सू' म्हणजे लोखंड. जपानीत रेल्वेला 'तेत्सुदो' म्हणतात, शब्दशः लोखंडी वाट. आपला 'लोहमार्ग' अगदी तोच आहे, फक्त आपण तो पोलिसांच्या पाटीपुरता ठेवला. रेल्वेत जीव गुंतलेली माणसं स्वतःला त्या लोखंडावरून ओळखतात, आणि त्यांच्यात पोटजाती आहेत. फोटो काढणारे तोरी-तेत्सू. नुसतं बसून फिरणारे नोरी-तेत्सू, ज्यांना देशातला प्रत्येक मार्ग एकदा तरी पुरा करायचा असतो. आवाज टिपणारे ओतो-तेत्सू, माझा भाचा यांच्यातला. बंद पडणाऱ्या मार्गाच्या किंवा निवृत्त होणाऱ्या गाडीच्या शेवटच्या फेरीला गर्दी करणारे सोशिकी-तेत्सू. सोशिकी म्हणजे अंत्यविधी. आणि वेळापत्रकवाले सुजि-तेत्सू.

'सुजि' म्हणजे रेघ. गाड्यांचं नियोजन ज्या तक्त्यावर होतं त्यात एका बाजूला स्थानकं आणि दुसऱ्या बाजूला वेळ मांडलेली असते, आणि प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभी तितकी गाडी वेगवान. गाडी थांबली की रेघ तेवढा वेळ आडवी होते. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे दोन गाड्या भेटतात. आपल्याकडेही कंट्रोल ऑफिसात असाच तक्ता असतो, वर्षानुवर्षं तो हाताने भरत. इथे या रेघा आखणाऱ्या कर्मचाऱ्यांना 'सुजि-या' म्हणतात. मी लहानपणी आकड्यांवरून मनात जे काढत होते ते हेच चित्र होतं, आणि त्याला नाव आहे, ते काढणाऱ्याला नाव आहे, ते मनात बघत बसणारीलाही नाव आहे, हे मला त्या फलाटावर कळलं. त्याच संध्याकाळी मी इथलं मासिक वेळापत्रक विकत घेतलं. १९२५ पासून निघणारा हजारेक पानांचा जाडजूड ग्रंथ आहे तो. गाडी यायच्या आत त्या सहकाऱ्याने मला त्यातली त्याची आवडती पानं सांगून टाकली होती.

मला त्या प्रश्नाने जे दिलं ते घरच्या वादात कुणालाच सुचत नाहीये. 'तू असं का करतेस' हे मला जन्मभर विचारलं गेलं होतं. 'त्यातलं तू काय करतेस' हे पहिल्यांदा विचारलं गेलं.

आता जपानचे गोडवे गाऊन थांबले तर ते खोटं होईल. त्या माणसाने आवाज का खाली आणला? त्याच्या विभागात कुणालाही हे माहीत नव्हतं, निवृत्त होईपर्यंत कळलंही नाही. इथे त्यालाही शब्द आहे, 'काकुरे', लपलेला. लपण्याला कारण आहे. 'ओताकू' हा शब्द आता जगभर पोहोचला आहे, पण मुळात 'ताकू' म्हणजे घर आणि 'ओ' हा आदराचा उपसर्ग. 'आपलं घर' यावरून 'आपण', असं ते अदबीचं संबोधन. कॉमिक्स आणि ॲनिमेशनची आवड असलेली तरुण मुलं एकमेकांना या जरा जास्तच औपचारिक शब्दाने हाक मारत. १९८३ मध्ये आकिओ नाकामोरी या लेखकाने एका मासिकातल्या सदरात त्यावरूनच त्यांना 'ओताकू' म्हणून हिणवलं. पुढे १९८८-८९ मध्ये चार लहान मुलींचे खून झाले. पकडलेल्या माणसाच्या खोलीतल्या हजारो व्हिडिओ कॅसेटींचे फोटो छापून आले आणि हा शब्द सगळ्या देशाच्या तोंडी गेला. ज्यांनी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही अशी असंख्य माणसं एका रात्रीत संशयित झाली. अदबीच्या संबोधनाची शिवी झाली. पुढे बरीच वर्षं गेल्यावर तो शब्द बराचसा निवळला, इतका की तरुण मुली आज सहज 'मी अमक्याची ओताकू' म्हणतात. माझ्या सहकाऱ्याच्या पिढीच्या कानात मात्र १९८९च आहे.

आतून ठेवलेली नावंही कायम स्वच्छ राहत नाहीत. काही फोटोवाल्यांनी रुळांत शिरून गाड्या थांबवायला लावल्या, चौकटीत येणाऱ्या प्रवाशांवर आरडाओरड केली. आता बातम्यांत तोरी-तेत्सू हा शब्द बहुतेक वेळा बेशिस्तीच्याच संदर्भात येतो, आणि बाकीचे तेत्सू 'आम्ही त्यांच्यातले नाही' असं आधीच सांगून टाकतात. मला हे दुःखाचं वाटतं. ज्या पोटजातींनी मला दार उघडलं त्यांच्याच आता भिंती होत आहेत. बायकांसाठी तर वेगळा शब्द निघाला, 'तेत्सुको', लोखंडाची मुलगी. काहींना तो गोड वाटतो. मला नाही आवडत. रेघ वाचायला मुलगी असावं लागत नाही, मुलगा असावं लागत नाही.

आता मामांच्या 'अभ्यासका'कडे येते. माझा खरा मतभेद तिथे आहे.

मामा ज्याला मान म्हणतात, त्यात एक अट दडलेली आहे. अभ्यासक म्हटलं की काय अभ्यास केला, कुठे छापला, उपयोग काय, हे ओघाने आलंच. आपल्याकडे आवडीला प्रतिष्ठा द्यायच्या दोन वाटा दिसतात. एक विद्येची: संशोधक, तज्ज्ञ, अभ्यासक. दुसरी सेवेची: पक्षीमित्र, सर्पमित्र, वृक्षमित्र. 'मित्र' हा शब्द सुंदर आहे, मला मनापासून आवडतो, पण सर्पमित्र म्हटल्याबरोबर मध्यरात्री फोन येतो आणि जावं लागतं. साप नुसता बघत बसायला आवडणाऱ्याला आपल्याकडे नाव नाही. रात्री अंथरुणावर पडून लांबचा भोंगा ऐकणारा मुलगा कुणाचा मित्र? कसला अभ्यासक? त्याला जर आधी अभ्यासक व्हावं लागणार असेल, तर ऐकायचा आनंद परीक्षेच्या पलीकडच्या तीरावर गेला.

द. रा. कापरेकरांची आठवण येते. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिकवणारे हे मास्तर, पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात जागा नाही. आकड्यांशी खेळायचे. कोणताही चार अंकी आकडा घ्या (चारही अंक एकच नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ वर येता. हा त्यांचा शोध. त्यांच्या काळातल्या अनेक गणितज्ञांना हे सगळं पोरखेळ वाटलं. १९७५ मध्ये गणिताच्या गमतींवर सदर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा कापरेकर सत्तरीला पोहोचले होते. तोवर अभ्यासक हे नाव त्यांना मिळालंच नव्हतं, आणि ते त्यासाठी थांबलेही नव्हते. त्यांनी संख्यांच्या एका प्रकाराला 'डेम्लो संख्या' नाव दिलं, कारण ती कल्पना त्यांना डेम्लो स्थानकावर सुचली होती. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली. फलाटावर उभं राहून आकड्यांत हरवलेला तो माणूस मला फार जवळचा वाटतो. मामा त्यांना आज थोर गणिती म्हणतील. मला मात्र फलाटावरच्या त्या क्षणी त्यांना काय म्हणायचं, हे हवं आहे.

भाच्याच्या 'रेलफॅन'कडे इंग्रजी म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एवढंच सांगेन की तो शब्द या मुलांनी स्वतःसाठी घेतलेला आहे. भारतीय रेल्वेच्या चाहत्यांची सगळ्यात जुनी संघटना १९८९ मध्ये उभी राहिली, तिच्या नावातही 'फॅन'च आहे. या मुलांची भाषा ऐका कधी. एखाद्या गाडीला नेहमीचं सोडून भलतंच इंजिन लागलं की ते 'ऑफलिंक'. जुनी, धूर ओकत धडधडणारी डिझेल इंजिनं म्हणजे 'अल्को', मूळ अमेरिकी कारखान्याच्या नावावरून. 'आज ऑफलिंक अल्को मिळाली' या चार शब्दांत त्यांचा अख्खा दिवस असतो. हे शब्द त्यांना कुणी बहाल केले नाहीत, आणि ते इंग्रजी असले तरी वाक्य मराठीच आहे. पक्षी बघणारी मराठी माणसंही 'लायफर मिळाला' म्हणतात, आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला पक्षी. मला मराठीत अशा शब्दांची वाट बघायची आहे, आणि ते पुरवणीच्या संपादकाकडून किंवा मामांकडून येतील असं वाटत नाही.

हे सगळं मी काल रात्री गटावर लिहिलं, याहून थोडक्यात. मामांनी लिहिलं, "तुझा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण शब्दाला शिस्त हवी." काकूंनी हात जोडलेलं चित्र टाकलं.

सकाळी उठून बघितलं तर ताईचा निरोप होता, गटावरच, पण मुलासाठी.

"अरे, म्हणजे तू नक्की फोटोवाला की भोंगेवाला?"

खाली त्याचं उत्तर. "भोंगेवाला, आई. पण मला रात्रीचेच आवडतात." आणि त्याखाली चाळीस सेकंदांचं ध्वनिमुद्रण. मी कानाला लावून तीनदा ऐकलं. आधी रातकिडे, मग फार लांबून एक गाडी.