वर्गमित्र जमवताना घ्यावयाची काळजी

पहिली सूचना म्हणजे घाईघाईने काही आठवत बसू नका. आठवणी सांगायच्या तर त्या आधी आठवाव्या लागतात, हा नवख्यांचा गैरसमज आहे. तुम्ही फक्त ग्रुपवर हजर राहा. आज ना उद्या कोणीतरी ‘आठवतंय का रे?’ टाकणारच. त्यावर ताबडतोब ‘विसरेन कसा!’ असं लिहून मोकळं व्हावं आणि दोन दिवस बाकीचे काय लिहितात ते वाचत राहावं. तिसऱ्या दिवशी तुम्हालाही सगळं लख्ख आठवायला लागतं. आमच्या शाळेमागच्या विहिरीत पडलेलं रेडकू आणि दोर लावून ते वर ओढणारे पी.टी.चे सर आजही माझ्या डोळ्यांसमोर उभे राहतात. ते रेडकू पडलं तेव्हा मी कांजिण्या येऊन घरी होतो.

आता तुम्ही म्हणाल, आमचा ग्रुपच नाही. नसेल तर होईल. दहावीला पस्तीस वर्षं होत आली की तो आपोआप होतो, चाळिशीच्या चष्म्यासारखा. व्हॉट्सअ‍ॅपने एका ग्रुपची मर्यादा २०२२ मध्ये १०२४ माणसांवर नेली. आमच्या ‘ब’ तुकडीत सगळे मिळून ५८. त्यातले ४१ सापडले. तरी एका ग्रुपात भागत नाही. एक सगळ्यांचा लागतो, एक मुली सोडून आणि एक अ‍ॅडमिन सोडून. महत्त्वाचे निर्णय तिसऱ्यावर होतात. पहिल्यावर सकाळी गुलाबाची फुलं येतात.

तुम्हीही आमच्यासारखे तालुक्याच्या गावातून एसटीने स्वारगेटला उतरून पुढे धायरी, आंबेगाव, वाकड अशा ठिकाणी पुणेकर झाला असाल, तर भेटीच्या जागेबाबत एक पथ्य पाळा. ‘गावची मजा गावातच’ हे रोज लिहावं, पण भेटायचं गावाला, असं चुकूनही सुचवू नये. गावाला गेलं की भावाकडे उतरावं लागतं, आणि भावाकडे उतरलं की रात्री जेवणं झाल्यावर वाटणीचा विषय निघतो. त्यापेक्षा पुणं बरं. इथे सगळ्यांचेच नातेवाईक असतात आणि कोणी कोणाकडे उतरत नाही.

पुण्यात कुठे, यात दोन महिने जातात. जाऊ द्यावेत. नवी मोठी गाडी घेतलेला मुळशीचं रिसॉर्ट सुचवतो, नुकतीच बायपास झालेला सिंहगडावर चढून पिठलं-भाकरी खायचं म्हणतो. निगडीच्या मित्राला तेवढं सांभाळून घ्या. २९ सप्टेंबर २०२४ ला मेट्रो स्वारगेटपर्यंत आली, पिंपरीला बसलेला माणूस आता थेट स्वारगेटला उतरतो, त्यामुळे ‘लांब पडतं रे’ हे त्याचं वर्षानुवर्षं पुरलेलं कारण गेलं. नवीन शोधायला त्याला थोडा वेळ लागणार.

शेवटी सारसबागेच्या आसपास एक छोटा हॉल मिळतो. आमच्या हॉलच्या दारावर पाटी होती : ‘हॉल ४ वाजता रिकामा करणे. ४ म्हणजे ४.०५ नव्हे.’ आत दुसरी : ‘सत्काराचे नारळ येथे फोडू नयेत.’ ही दुसरी लावायची वेळ ज्यांच्यामुळे आली, तेही कुठल्यातरी शाळेचे माजी विद्यार्थीच असणार.

हा हॉल आम्हाला पावशेरने मिळवून दिला. पर्वती पायथ्याला त्याचा मंडप आणि भांड्यांचा धंदा आहे, त्यामुळे हॉल, ताटं, आचारी आणि वर्गणीचा हिशेब हे सगळं त्याच्याकडे, हे कोणी ठरवायच्या आधीच ठरलं होतं.

टोपणनावांबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण गेट-टुगेदरची निम्मी करमणूक त्यांच्यावर चालते. छोट्या गावात मुलाला नाव शोधायला लांब जावं लागत नाही, बाप काय करतो ते बघितलं की झालं. कंडक्टरचा मुलगा ‘डबलबेल’, पोस्टमनचा ‘बैरंग’, कंपाउंडरचा ‘लाल औषध’. पाटलांच्या मुलाला मात्र दहा वर्षांत टोपणनाव पडलं नाही. गावाच्या विनोदबुद्धीला कुठे थांबायचं ते बरोबर कळतं. मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ चा, पण आमच्या गावात गिऱ्हाईक त्यानंतर कितीतरी वर्षं शेर-पावशेरातच बोलायचं. हा रोज संध्याकाळी रिकामी बाटली घेऊन पावशेर गोडेतेल न्यायला यायचा. एकदम जास्त कधी नाही. एके दिवशी मधल्या सुट्टीत कोणीतरी ‘ए पावशेर!’ अशी हाक मारली, सगळा वर्ग हसला, आणि नाव बसलं. (हाक मारणारा दुकानदाराचाच मुलगा होता. दुकान आमचं.)

पन्नाशी उलटल्यावर असल्या नावाने चारचौघांत हाक मारायची म्हणजे थोडा संकोच वाटतो. तो गिळावा आणि ‘टोपणनावात जी माया आहे ती खऱ्या नावात नाही’ असं म्हणावं. हे वाक्य नाव ठेवणाऱ्यानेच म्हणायचं असतं, त्याच्याच तोंडी ते शोभतं. मी म्हणतो. माझ्या फोनमध्येही तो ‘पावशेर’ म्हणूनच आहे. दुसरं काय लिहिणार? हजेरी आमची नंबराने व्हायची. तो तेवीस.

तो मला ‘शेठ’ म्हणतो. तेव्हाही म्हणायचा. तेही टोपणनावच असावं, मी कधी विचारलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी पोचल्यावर आधी खाण्याच्या आठवणी काढाव्यात, कारण त्यावर भांडण होत नाही. फाटकाबाहेरच्या म्हातारीच्या चिंचा, मीठ लावलेली बोरं, चार आण्याचं गारेगार. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून बाद झालं, आमच्या ग्रुपवर ते अजून जोरात चालतं. म्हातारीचं नाव मात्र कोणाला विचारू नका, रंगाचा बेरंग होतो.

तिथून गाडी गरिबीवर येते, आणि इथे नवख्याने जपून बोलावं, कारण हा लिलाव असतो. कोणी म्हणतो, आमच्याकडे दोन भावांत एक चप्पल. पुढचा म्हणतो, तुमच्याकडे चप्पल होती तरी! कोणी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केलेला असतो. (आमच्या गल्लीतला तो दिवा मी दहावीला असेपर्यंत एकदाही लागलेला पाहिला नाही.) बोली वाढत वाढत शेवटी मुळशीच्या रिसॉर्टवाल्यापाशी तुटते. सगळ्यात मोठी गाडी त्याची, तेव्हा सगळ्यात मोठी गरिबीही त्याचीच असणं न्यायाला धरून आहे. त्याचे वडील सोसायटीचे चेअरमन होते, हा तपशील अशा वेळी काढू नये. मला एवढंच दिसलं की लिलाव चालू असताना पावशेर आत आचाऱ्याशी बोलत उभा होता. मठ्ठा कमी पडणार होता म्हणे.

गरिबीनंतर मार. छडी, डस्टर, अंगठे धरून उभं राहणं, दोन बोटांत पेन्सिल घालून दाबणं. ज्याने जितका खाल्ला त्याच्या दीडपट सांगावा. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि शाळेत मुलांना मारणं बेकायदा ठरलं, म्हणजे मार खाऊन घडलेली आपली शेवटचीच खेप. यावर सगळ्यांनी मिळून हळहळावं. ‘त्या छडीने आपल्याला माणूस केलं’ असं म्हणून मग घड्याळ बघावं आणि नातवंडाला पाळणाघरातून आणायला उठावं, जिथल्या बाई त्याच्यावर आवाज चढवतात म्हणून सुनेने गेल्याच आठवड्यात लेखी तक्रार दिलेली असते.

मुलींबद्दल थोडक्यात. दहा वर्षं एका वर्गात बसून ज्यांच्याशी एक शब्द बोललो नाही, त्यांच्याशी आता पटकन अगं-तुगं करू नये. त्यांना सगळं आठवतं. आपल्याला जे आठवतं ते नव्हे, जे झालं ते.

इंग्रजीबद्दल त्याहून थोडक्यात. आमची एबीसीडी पाचवीत सुरू झाली, पहिलीपासून इंग्रजी राज्यात २००० साली आलं. या चार वर्षांच्या फरकावर आयुष्यातलं कुठलंही अपयश आरामात टांगता येतं.

सहलीची आठवण मात्र चुकवू नये. आमची आठवीची सहल लाल गाडीतून पुण्यालाच आली होती. शनिवारवाडा, पर्वती आणि पेशवे पार्क. १९५६ पासून धावणारी फुलराणी तेव्हा आम्हाला राजधानी एक्स्प्रेसच्या वरची वाटली. प्राणीही त्या वेळी तिथेच होते, ते पुढे कात्रजला गेले. माकडाने बैरंगची टोपी पळवली ती गोष्ट अजून रंगते. ती सांगून झाल्यावर डबलबेल म्हणाला, ‘पावशेर नव्हता ना रे सहलीला? ताप आला होता तुला.’ पावशेर म्हणाला, ‘हो, ताप होता.’ सहलीची वर्गणी चाळीस रुपये होती. ताप त्या वर्षी अकरा मुलांना आला होता.

पण नुसत्या माकडावर बॅचचं नाव होत नाही. प्रत्येक बॅचला एक पराक्रम लागतो, आणि तो आपल्या नावावर असावा लागतो. आमचा पराक्रम घंटेचा. शाळेच्या अंगणात लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला होता. नववीत असताना एका दुपारी, गणिताचा तास ऐन रंगात आलेला असताना, पाचची घंटा चार दहाला झाली. सगळी शाळा फाटकाबाहेर. हेडमास्तर हातातली चहाची बशी तशीच धरून बाहेर आले, तोवर मैदानात फक्त धूळ. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या ओळींसमोर पावशेरला उभं करून गणिताच्या सरांनी छडी तुटेपर्यंत मारलं.

ही घंटा आजवर चौघांनी वाजवलेली आहे. चौघेही ग्रुपवर आहेत, चौघांचेही तपशील चोख आहेत, आणि चौघांचाही शेवट एकच : ‘पण पावशेरने मार खाल्ला, माझं नाव नाही सांगितलं. याला म्हणतात दोस्त.’ तुमच्या शाळेतही अशी घंटा असेल. वेळेवर पुढे व्हा. पाचव्याला कोणी अडवत नाही.

सत्काराला गुरुजन बोलवायचे तर कमी ऐकू येणारे निवडावेत. यात आमची चूक झाली. गणिताचे सर चौऱ्याऐंशीचे, पण कान शाबूत. त्यांना खुर्चीत बसवून आधी रीतीप्रमाणे अर्धा तास ‘सर, मी कोण ओळखा’ हा खेळ झाला. प्रत्येकाला ते ‘तू फार हुशार होतास’ म्हणाले, त्यात दहावी तीनदा देणारेही आले. मग शाल, नारळ, आणि डबलबेलने माइकवरून घंटेची गोष्ट काढली. चौघांपैकी तिघे हजर होते, तिघेही उभे राहिले. टाळ्या.

सर म्हणाले, ‘ती घंटा? अरे, ती मी वाजवली.’

हॉलमध्ये हशा. सर चेष्टा करतात असं वाटून मीही हसलो.

‘शिपाई रजेवर होता. मला पावणेपाचची स्वारगेट गाडी गाठायची होती, मेव्हण्याचं लग्न होतं. वाटलं, एक तास बुडाला तर काय होतंय. हेडमास्तर इतके चिडतील असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, तुमचा वर्ग, तुम्ही नाव द्या.’ मग सरांनी माझ्याकडे बोट केलं. ‘याचं देणार होतो. पहिला हाच पळाला होता. पण यांच्या दुकानात माझी दोन महिन्यांची उधारी होती.’

असा प्रसंग आला तर काय करायचं, हे कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून लिहून ठेवतो. जोरात हसायचं. एकाने सुरुवात केली की सगळे हसतात. आमच्यात मी केली. पावशेरही हसला, सरांच्या खांद्यावरून घसरलेली शाल त्याने सारखी केली आणि जिलबी गरम आहे, आधी पानं वाढून घेऊ म्हणाला. ‘शेठ, तुम्ही सरांच्या शेजारी बसा.’ बसलो. चार वाजता हॉल रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आले, आणि फोटोंखाली चौथ्याने, जो आला नव्हता, त्याने लिहिलं, ‘घंटेची आठवण निघाली का रे? काय दिवस होते!’ खाली सत्तावीस अंगठे. सरांचं बोलणं कोणी लिहिलं नाही. तुम्हीही लिहू नये.

राहता राहिला हिशेब. मठ्ठा आणि जिलबी मिळून माणशी साठ रुपये जास्त लागले, ते पावशेरच्या नंबरवर पाठवायचे होते. मी वर्गणीही त्याला रोखच दिली होती, मोबाइलवरून पहिल्यांदाच पाठवत होतो. नंबर टाकला की बँकेतलं नाव स्क्रीनवर येतं. आलं, आडनावासकट तीन शब्दांचं. मी दोनदा रद्द केलं. नंबर पडताळला, मग न राहवून फोन लावला, ‘अरे, हे भलत्याच कोणाच्या नावावर जातायत.’

तुमच्याही बाबतीत असं होईल. घाबरू नका, खुशाल पाठवा. ते त्याचंच नाव असतं.