‘पत्र्याचे डबे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘अकिलीज ते दिल्ली’ या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले जे बरोबर आहे ते आधी मान्य करतो. ‘अकिलीज’ ही ब्रिटिश क्रूझर (मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका) ‘दिल्ली’ या नावाने आपल्या भारतीय नौदलात 1950 साली आली, असे मी लिहिले होते. ती आली जुलै 1948 मध्ये. 1950 मध्ये फक्त ‘एच.एम.आय.एस. दिल्ली’ची ‘आय.एन.एस. दिल्ली’ झाली. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. मात्र एवढी चूक दाखवायला ‘शाळकरी’ या विशेषणाची गरज नव्हती.

आता आपले ते वाक्य: “हलक्या क्रूझर म्हणजे वेगाने पळणारे पत्र्याचे डबे, लेखकाने जहाज फक्त चित्रात पाहिलेले दिसते.” मतभेदाचे मला वावडे नाही, पण ही हेटाळणी झाली, आणि तीही टोपणनावाआडून.

डबा म्हणताना आपण पत्रा मोजला होता का? ‘अकिलीज’ ज्या लिअँडर वर्गातली, त्या वर्गाच्या जहाजांना यंत्रखान्याच्या बाजूने सुमारे चार इंच पोलाद होते. तोफांच्या बुरुजांना जेमतेम इंचभर होते, हे खरे. पण सुमारे सात हजार टनांत सहा इंची आठ तोफा, साडेबत्तीस नॉटचा वेग आणि साम्राज्यभरचे सागरी मार्ग राखण्याइतका पल्ला बसवायचा, शिवाय 1930 च्या लंडन कराराने एकूण टनभारावर घातलेली मर्यादा सांभाळून जहाजांची संख्याही राखायची, तर जाड पोलादाला वजन उरते कुठे? आराखडा करणाऱ्यांना हे पुरते ठाऊक होते.

13 डिसेंबर 1939 रोजी दक्षिण अमेरिकेतल्या प्लेट नदीच्या मुखाबाहेर ‘अकिलीज’, ‘एजॅक्स’ आणि ‘एक्झेटर’ या तीन क्रूझर जर्मन युद्धनौका ‘ग्राफ श्पे’शी लढल्या. ‘श्पे’चा गोळा 300 किलोचा होता, ‘अकिलीज’चा 51 किलोचा. जर्मन गोळा थेट लागलाही नाही. तो बाजूला पाण्यात फुटला आणि त्याचे तुकडे तोफांचा नेम ठरवणाऱ्या मनोऱ्यात घुसून चौघांचा जीव घेऊन गेले. हाच तर पत्रा, असे आपण म्हणणार. म्हणा. त्याच मनोऱ्यात तोफखान्याचे अधिकारी वॉशबर्न डोक्याला जखम असताना काम करत राहिले, आणि पायांना जखमा झालेले कप्तान पॅरी ब्रिजवरून (जहाज हाकण्याच्या जागेवरून) हलले नाहीत. हेच पॅरी 1948 मध्ये आपल्या नौदलाचे प्रमुख झाले. ‘एक्झेटर’ची दैना झाली असताना ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीज’ अंतर कमी करत पुढे घुसल्या, म्हणून ‘श्पे’ला ‘एक्झेटर’वर रोखलेल्या तोफा फिरवाव्या लागल्या. आपले डबे त्या दिवशी पळत होते खरे, पण शत्रूच्या दिशेने.

राहिला चित्राचा प्रश्न. माझे वडील मुंबईच्या गोदीत फिटर होते. मी चौथीत असताना नौदल दिनाच्या सुमारास त्यांनी मला ‘दिल्ली’वर नेले होते. तोफेशेजारी सरावाचा एक गोळा मांडून ठेवला होता. मी दोन्ही हातांनी जोर लावला, तो तसूभरही हलला नाही. तळहाताला ग्रीस मात्र लागले आणि ते रॉकेलने पुसावे लागले. “हा माणूस हाताने तोफेत भरतो,” असे वडील म्हणाले होते. ज्याने हे पाहिले आहे त्याला चित्रांचे दाखले देऊ नयेत, एवढी अपेक्षा गैर नसावी.

‘एक्झेटर’च्या आठ इंची गोळ्याने ‘श्पे’ची इंधनशुद्धीची यंत्रणा मोडली आणि खरा निकाल तिथेच लागला, तसेच ‘अकिलीज’चे सगळे बॉयलर एका गटात ठेवून एकाच धुराड्याला जोडल्यामुळे एका टॉर्पेडोने जहाज लुळे पडले असते, हे आपले उरलेले दोन मुद्दे. ते तज्ज्ञांच्या चर्चेचे आहेत, त्यांत इथे शिरत नाही. ‘श्पे’ला लागलेल्या वीसेक गोळ्यांत आठ इंची दोन-तीनच होते, एवढे फक्त नोंदवून ठेवतो. जानेवारी 1943 मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वादालकनाल बेटाजवळ बॉम्बने ‘अकिलीज’चा मागचा एक बुरूज निकामी झाला, तरी उरलेल्या सहा तोफांनिशी हीच क्रूझर डिसेंबर 1961 मध्ये दीवच्या मोहिमेत होती.

1978 मध्ये ती मोडीत निघाली. ‘अकिलीज’ असताना ती न्यूझीलंडकडून लढली होती, म्हणून तिचा एक बुरूज न्यूझीलंडला भेट दिला गेला आणि तो ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट तळावर उभा आहे. कधी तिकडे जाणे झालेच, तर आपण त्यावर टिचकी मारून पाहावी आणि डब्यासारखा आवाज येतो का, ते याच ठिकाणी, जमल्यास स्वतःच्या नावाने, कळवावे.