मुंग्या नेमक्या कुठल्या बोटांना येतात?

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: ‘लांब बाइक चालवताना हातांना मुंग्या येतात, कारण व्हायब्रेशनने बोटांतलं रक्त थांबतं. हँडल घट्ट धरा, जेलचे जाड ग्लव्हज घाला, दर दहा मिनिटांनी हात झटका, बी-12 च्या गोळ्या सुरू करा.’ खाली हात जोडलेले आणि ‘सर्वांना पाठवा’. मुलुंडहून कोकणात बाइकने येऊन-जाऊन असल्यामुळे मला काही ते पाठवायला जमलं नाही.

आधी रक्ताचं बघू. दोन वर्षांपूर्वी पनवेल, वडखळ, माणगाव करत महाडला चहाला थांबलो आणि हेल्मेटचा पट्टाच सुटेना. उजवी करंगळी आणि शेजारच्या बोटाचा अर्धा भाग माझा नव्हेच. पण नखं गुलाबी होती. नख दाबलं की पांढरं आणि सोडल्यावर लगेच पूर्ववत, म्हणजे रक्त बोटांत व्यवस्थित पोचत होतं. दबली होती ती नस, म्हणजे संवेदना नेणारा मज्जातंतू. करंगळी आणि अर्ध्या अनामिकेची संवेदना अल्नर नर्व्ह सांभाळते आणि ती तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूने जाते. बरोबर तिथेच मी तासन् तास ग्रिपवर भार टाकून बसलो होतो. मुंग्या अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला येत असतील तर मामला वेगळा: ती मिडियन नर्व्ह, मनगटातल्या कार्पल टनेलमधून जाणारी. मनगट वर किंवा खाली मुडपलेलं राहिलं की त्या बोगद्यातला दाब वाढतो. वर्षानुवर्षं ब्रेकर, ड्रिल चालवणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी पडतात, तिथे रक्तवाहिन्यांचा संबंध खराच आहे. पण महिन्यातून एकदा लोणावळ्याला जाणाऱ्याचा तो आजार नव्हे.

आता ‘घट्ट धरा’. संपूर्ण मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हा. पकड जितकी आवळाल तितकी हँडलची थरथर हातात जास्त शिरते, वर मनगटाचे स्नायू दमतात ते वेगळंच. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, त्यामुळे आपण जुन्या हायवेने बोरघाट चढतो-उतरतो. उतारावर ब्रेक मारला की अंगाचा सगळा भार पुढे येतो आणि तळहातांवर पडतो. तो भार मांड्यांनी घ्यायचा: गुडघ्यांनी टाकी धरा, पोट थोडं आवळा, कोपरं सैल सोडा. सरळ, मोकळ्या रस्त्यावर कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी हलवून बघा. हँडल न डगमगता हलली तर भार हातांवर नाही. सिग्नलला हे केलंत तर शेजारचा रिक्षावाला हसेल, हसू दे.

त्यानंतर क्लच-ब्रेकची लिव्हर. ही गोष्ट मेसेजमध्ये नाहीच आणि माझा अर्धा त्रास हिनेच गेला. नेहमीसारखं बाइकवर बसा, हात ग्रिपवर ठेवा, बोटं सरळ करा. मनगटाची रेघ न मोडता बोटं क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरवर पडली पाहिजेत. माझ्या लिव्हर जवळजवळ आडव्या बसवल्या होत्या, म्हणजे प्रत्येक वेळी मनगट वर वाकत होतं. बोल्ट सैल केला, लिव्हर थोडी खाली फिरवली, परत आवळला. पाच मिनिटांचं काम. आणि डावा हात मुंबईतच, ट्रॅफिकमध्येच बधिर होत असेल तर आधी क्लच केबलला तेल घाला. कोरडी केबल ओढताना हाताचा पार भुगा होतो.

ग्लव्हजबद्दल अर्धी गोष्ट खरी आहे. पातळ जेल योग्य जागी असेल तर बरं वाटतं. पण फार जाड तळव्यामुळे ग्रिप नीट जाणवत नाही आणि आपण नकळत आणखी आवळून धरतो. घट्ट ग्लव्हजची शिवण तर थेट नसेवरच येऊ शकते.

व्हायब्रेशन आहेच, ते मी नाकारत नाही. सिंगल सिलिंडर इंजिन 4000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 4000 फेऱ्यांना, सेकंदाला सुमारे 67 वेळा हादरतं आणि काही ठरावीक वेगांनाच हँडल जास्त गुणगुणतं. तो वेग ओळखा आणि ताशी चार-पाच किलोमीटरने कमी-जास्त करा, नाहीतर गिअर बदला. हँडलच्या टोकाला जड बार-एंड लावले की कंप कमी होतो. इंजिन माउंटचे बोल्ट सैल झालेत का, तेही बघा.

हात झटकल्याने बरं वाटतं, पण घाटात उजवा हात ॲक्सिलरेटरवरून काढून कशाला झटकायचा? तासाभराने दहा मिनिटं खाली उतरा.

राहिली बी-12. कमतरता असेल तर मुंग्या येतात, खरंच येतात, पण बहुतेकदा आधी पायांत, दोन्ही बाजूंना, बाइक चालवा किंवा नका चालवू. फक्त राइडमध्ये, फक्त उजव्या हाताला येणाऱ्या मुंग्यांचं कारण सहसा ते नसतं. तपासणी करा, मग गोळ्या. मात्र घरी आल्यावरही बधिरपणा राहत असेल, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल किंवा कप हातातून सुटत असेल, तर लिव्हर फिरवत बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि सांगताना बोटांची नावं घेऊन सांगा.